एलियाहूचा डोंगर

हैफा शहर जिथे समुद्राला भिडतं, तिथे कर्मेल डोंगराचं नाक पुढे आलेलं आहे. माथ्यावर कर्मेलाइट या कॅथलिक पंथाच्या साधूंचा ‘स्टेला मारिस’ हा मठ. खाली उतारावर, समुद्राच्या अंगाला, बायबलातल्या एलियाहू संदेष्ट्याची गुहा. मठाच्या चर्चमध्ये वेदीखाली आणखी एक छोटी गुहा आहे आणि तीही एलियाहूचीच मानतात. कर्मेलाइट पंथ या संदेष्ट्याला आपला आद्यगुरू समजतो. खालच्या गुहेत यहुदी नवस बोलतात, मुसलमान आणि द्रुझ पंथाचे लोक तिथेच अल-खिद्र या पुण्यपुरुषाला मानतात. कोकणातून इस्राएलला जाऊन स्थायिक झालेले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, तेही नवस फेडायला या गुहेत येतात.

बेने इस्राएलांना हा एलियाहू परका नाही. अलिबागजवळच्या खंडाळ्यात तो प्रकटला आणि तिथून रथासह स्वर्गात गेला, अशी त्यांची परंपरा आहे. खडकावरच्या खुणा आजही दाखवतात. लग्नाआधी, बाळ झाल्यावर, नवस फेडताना मलिदा करतात तो याच एलियाहू हन्नाबीच्या नावाने.

एलियाहूचं यहुदी परंपरेतलं मुख्य काम मात्र वेगळं आहे. मशीहा, म्हणजे देवाने वचन दिलेला राजा, येण्याआधी वर्दी द्यायला तो येणार. मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवटच या वचनाने होतो. म्हणून वल्हांडणाच्या, म्हणजे पासोव्हर सणाच्या, रात्री त्याच्यासाठी द्राक्षारसाचा पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात. सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. नव्या करारात त्याची जागा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला दिली आहे. म्हणजे ख्रिस्त्यांच्या लेखी वर्दी देणारा येऊन गेला आणि ज्याची वर्दी दिली तोही येऊन गेला. वरचा मठ आणि खालची गुहा यांच्यात अंतर चालत जाण्याइतकंच आहे, पण वाद आहे तो एवढ्याचाच: दार अजून उघडं ठेवायचं की नाही.

१९५९ साली त्या मठात ब्रदर डॅनियल नावाचा साधू पोलंडहून राहायला आला. मूळ नाव ऑस्वाल्ड रुफायझेन. १९२२ मध्ये पोलंडमधल्या यहुदी घरात जन्म, तरुणपणी झायनवादी युवक संघटनेत. महायुद्धात आजच्या बेलारूसमधल्या मीर या गावात स्वतःचं यहुदी असणं लपवून तो जर्मन पोलिसांकडे दुभाष्या म्हणून राहिला. ऑगस्ट १९४२ मध्ये मीरची घेट्टो, म्हणजे यहुद्यांना कोंडून ठेवलेली वस्ती, संपवायचा दिवस ठरल्याचं त्याला कळलं. त्याने आत निरोप पोचवला, शस्त्रं पुरवली आणि सुमारे ३०० माणसं जंगलात निसटली. फितुरी झाली तेव्हा पोलीस अधिकाऱ्यासमोर त्याने आपण यहुदी असल्याचं कबूल केलं, मग पळाला आणि पोलिस ठाण्याच्या जवळच असलेल्या जोगिणींच्या मठात लपला. तिथे त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याच ऑगस्टमध्ये कर्मेलाइट पंथाचीच एक जोगीण, जन्माने यहुदी असलेली एडिथ स्टाइन, आउशवित्झमध्ये मारली गेली. तिने बाप्तिस्मा १९२२ मध्येच घेतला होता. नाझी कायद्याला बाप्तिस्म्याशी काही घेणं नव्हतं. १९३५ च्या न्यूरेंबर्ग नियमांनुसार चार आजीआजोबांपैकी तीन यहुदी असले की नातू यहुदी, मग तो कुठल्याही देवळात जावो.

रुफायझेनने इस्राएलमध्ये अर्ज केला तो १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’खाली. हा कायदा प्रत्येक यहुद्याला इस्राएलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क देतो. आपला धर्म कॅथलिक आणि आपली जमात यहुदी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. सरकारने नकार दिला, कारण मंत्रिमंडळाने जुलै १९५८ मध्ये ठरवलं होतं की जो सद्‌भावनेने स्वतःला यहुदी म्हणवतो आणि ज्याचा दुसरा धर्म नाही, त्याचीच नोंद यहुदी म्हणून करायची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर १९६२ मध्ये पाचांपैकी चार न्यायाधीशांनी रुफायझेनच्या विरोधात निकाल दिला.

निकालपत्रातली गंमत अशी की, धर्मशास्त्राच्या हिशेबाने तो जिंकला होता. न्यायमूर्ती मोशे झिल्बर्ग हे हलाखाचे, म्हणजे यहुदी धर्मनियमांचे, जाणकार. त्यांनी सरळ मान्य केलं की हलाखानुसार हा माणूस यहुदीच आहे. तालमूद या यहुदी धर्मग्रंथातलं वचन आहे: इस्राएलने पाप केलं तरी तो इस्राएलच. हे नुसतं सुभाषित नाही, त्याला व्यवहारातले परिणाम आहेत. धर्म सोडून गेलेल्या माणसाला ‘मेशुमाद’ म्हणतात. त्याने यहुदी बाईशी विधिवत लग्न केलं तर ते लग्न धर्माला बांधून घेतं आणि तिला सोडायची तर रीतसर ‘गेट’, म्हणजे सोडचिठ्ठी, द्यावी लागते. नाही दिली तर ती बाई अडकून पडते, दुसरं लग्न करू शकत नाही. पण हाच माणूस प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत मोजला जात नाही आणि तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वाचायला त्याला बोलावत नाहीत. तो पश्चात्तापाने परत आला तर नव्याने धर्मांतर लागत नाही. रूढी म्हणून एक स्नान आणि तिघांसमोर कबुली पुरते. थोडक्यात, बंधनं सगळी शिल्लक आणि मान सगळा गेलेला. आपल्याकडे वाळीत टाकलेल्या माणसाची गत अशीच असायची: तो जातीबाहेर जायचा, पण त्याची जात काही जायची नाही.

मग निकाल उलटा का? झिल्बर्ग म्हणाले, परतीचा कायदा हा संसदेने केलेला ऐहिक कायदा आहे. त्यातला ‘यहुदी’ हा शब्द हलाखाचा नाही, रस्त्यावरच्या साध्या यहुदी माणसाच्या तोंडचा आहे. आणि तो साधा माणूस कॅथलिक साधूला यहुदी म्हणणार नाही. धर्मपंडित ज्याला आत ठेवतात, त्याला धर्मनिरपेक्ष न्यायालय बाहेर काढतं, आणि तेही लोकभावनेचा आधार घेऊन. न्यायमूर्ती हायिम कोहन यांनी एकट्याने विरोधी मत दिलं: कायद्यात धर्माची अट लिहिलेलीच नाही, ती मंत्रिमंडळाने वरून लावायची नाही. मला कोहनांचं म्हणणं कायद्याच्या दृष्टीने जास्त सरळ वाटतं, पण झिल्बर्गांचं जास्त खरं. कारण लोक खरोखर तसंच बोलतात.

लोक तसं का बोलतात, याचं सोपं उत्तर असं दिलं जातं की यहुदी येशूला मशीहा मानत नाहीत. हे अर्धंच खरं आहे. खोटा ठरलेला मशीहा मानणं हा यहुदी इतिहासात काही नवा गुन्हा नाही. ‘माशियाख’ म्हणजे तेलाने अभिषेक झालेला, म्हणजे राजा. ग्रीकात त्याचं भाषांतर ‘ख्रिस्तोस’. इ. स. १३२ ते १३५ मध्ये रोमविरुद्ध लढलेल्या बार कोखबाला खुद्द रब्बी अकिवांनी मशीहा म्हटलं. तो मारला गेला, बंड चिरडलं गेलं, पण अकिवांचं रब्बीपण कोणी काढून घेतलं नाही. बाराव्या शतकात मायमोनिडीस या यहुदी धर्मपंडिताने आपल्या धर्मसंहितेत हेच उदाहरण घेऊन कसोटी लिहिली. मशीहाने चमत्कार करायची गरज नाही. तो दावीदाच्या वंशातला राजा असावा, तोराचा अभ्यासू असावा, लोकांना तोराकडे वळवणारा असावा. त्याने जेरुसलेमचं मंदिर बांधलं आणि विखुरलेल्यांना गोळा केलं तर तो मशीहा खचित. त्याआधीच मारला गेला, तर तो नव्हे. विषय संपला.

न्यूयॉर्कचे लुबाविच या यहुदी पंथाचे रब्बी मेनाखेम मेंडेल श्निअरसन जून १९९४ मध्ये वारले. त्यांचे काही अनुयायी आजही त्यांनाच मशीहा मानतात आणि ते परत येणार म्हणतात. इतर यहुदी त्यांच्यावर टीका करतात, पण म्हणून त्यांचं यहुदी असणं कोणी काढून घेत नाही. तेव्हा मेलेला मशीहा परत येणार, ही कल्पना एकटी कोणाला बाहेर घालवत नाही. येशूच्या बाबतीत दोन गोष्टी आणखी आहेत. एक, त्याला देव मानणं. बेने इस्राएल शेकडो वर्षं कोकणात तेलाचे घाणे चालवत राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेले. हिब्रू विसरले, पोथी नव्हती, पण शेमा विसरले नाहीत: ऐक, हे इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे. यात तिसऱ्याला किंवा दुसऱ्याला जागा नाही. दुसरी गोष्ट इतिहासाची. १०९६ मध्ये ऱ्हाइनकाठच्या वस्त्यांवर चालून आलेले क्रूसवाले, १४९२ मध्ये स्पेनमधून हकालपट्टी, बाप्तिस्मा की मरण असा सवाल पिढ्यान्‌पिढ्या. एवढं झाल्यावर बाप्तिस्मा हा श्रद्धेचा प्रश्न उरला नाही, तो मारणाऱ्यांच्या बाजूला जाऊन उभं राहणं ठरला. पूर्व युरोपातल्या कित्येक घरांत मुलगा ख्रिस्ती झाला की आईबाप मेलेल्या माणसासाठी पाळतात तसा सात दिवसांचा ‘शिवा’ पाळत. हलाखाच्या लेखी तो अजून यहुदी होता, घरच्यांच्या लेखी मेला होता.

येशूला मशीहा मानूनही स्वतःला ‘मशीही यहुदी’ म्हणवणारे याच भिंतीवर धडका घेतात. त्यांचं म्हणणं, आम्ही धर्म बदललाच नाही. ब्रिटनमध्ये १८६६ साली अशा लोकांची संघटना झाली, अमेरिकेत १९१५ मध्ये, तेव्हा ते स्वतःला ‘हिब्रू ख्रिस्ती’ म्हणत. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या संघटनेने नाव बदलून ‘मशीही यहुदी’ केलं. हा बदल केवळ पाटीचा नव्हता. ख्रिस्ती हे नाम आणि हिब्रू हे विशेषण होतं, ते उलटं झालं. येशूला ते ‘येशुआ’ म्हणतात, क्रूस शक्यतो लावत नाहीत, शनिवार पाळतात, वल्हांडण करतात.

त्यांच्या वल्हांडणाच्या ताटाकडे नीट पाहावं. सेदरच्या, म्हणजे वल्हांडणाच्या विधीच्या जेवणाच्या, रात्री तीन बेखमीर भाकऱ्या, म्हणजे मात्झा, एकावर एक ठेवतात. त्यातली मधली काढून मोडतात, अर्धी कापडात गुंडाळून लपवतात, जेवणानंतर मुलं ती शोधून आणतात आणि सगळे तुकडा तुकडा खातात. या अर्ध्या भाकरीला ‘अफिकोमान’ म्हणतात. रब्बींची नेहमीची उकल अशी की तीन भाकऱ्या म्हणजे कोहेन, लेवी आणि इस्राएल हे तीन वर्ग. किंवा त्याहून साधी, सणाला दोन अखंड भाकऱ्या लागतात आणि मोडायला तिसरी. मशीही यहुदी म्हणतात, तीन म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा. मोडतो तो मधला, म्हणजे पुत्र. कापडात गुंडाळून पुरतात आणि पुन्हा शोधून काढतात. दिसायला कोडं सुटल्यासारखं वाटतं, पण अडचण इथेच आहे. ताट तेच, भाकरी तीच, कृती तीच आणि अर्थ मात्र नेमका तो, ज्याला शेमा नकार देतो. परका माणूस परकी पूजा करतो त्याचा राग येत नाही. आपल्याच घरात आपल्याच ताटावर बसून केली की येतो.

वचनांवरचे वादही याच जातीचे. जुन्या करारातल्या यशयाच्या पुस्तकात ७:१४ मधला ‘अल्मा’ हा हिब्रू शब्द म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरात तिथे पुरुष न पाहिलेली कन्या आली आणि नव्या करारात मत्तयाने तेच उचललं. मराठी बायबलात तिथे ‘कुमारी’ आहे. मराठीत हा शब्द वयालाही लागतो आणि अविवाहितपणालाही, त्यामुळे मराठी वाचकाला भांडणाचा पत्ताच लागत नाही. यशया ५३ मधला सोसणारा सेवक कोण? ख्रिस्ती म्हणतात येशू. राशी हा भाष्यकार म्हणतो इस्राएल राष्ट्र, आणि चार अध्याय आधी ४९:३ मध्ये देव ‘तू माझा सेवक आहेस, हे इस्राएला’ असं म्हणतोच आहे. १२६३ मध्ये बार्सिलोनात राजासमोर याच विषयावर जाहीर वाद झाला. ख्रिस्ती बाजूने उभा होता पाब्लो क्रिस्तियानी, जन्माने यहुदी. उत्तर देणारे रब्बी नाखमानिडीस म्हणाले की मशीहा आला म्हणता, तर जग अजून हिंसेने भरलेलं कसं? वाद जिंकल्याचा दावा दोन्ही बाजूंनी केला, पण रब्बींना पुढे देश सोडावा लागला.

रुफायझेनच्या निकालानंतर कायदा बदलायला सव्वासात वर्षं लागली आणि तीही वेगळ्याच प्रकरणामुळे. नौदलातला एक यहुदी अधिकारी, बायको यहुदी नव्हे, मुलांची नोंद यहुदी म्हणून व्हावी ही मागणी. जानेवारी १९७० मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती मान्य केली, धार्मिक पक्ष खवळले आणि मार्चमध्ये संसदेने व्याख्या लिहूनच टाकली: यहुदी म्हणजे यहुदी आईच्या पोटी जन्मलेला किंवा यहुदी धर्म स्वीकारलेला आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. पहिला भाग हलाखाचा, शेवटचे चार शब्द रुफायझेनच्या खटल्याचे. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम घातलं, ४अ. यहुद्याची मुलं, नातवंडं, त्यांचे नवरे-बायका यांनाही येण्याचा हक्क. वगळलं कोणाला? जो स्वतः यहुदी होता आणि ज्याने आपखुशीने धर्म बदलला, त्याला.

या कलमांची प्रत्यक्षातली गणितं फार मजेशीर आहेत. अर्ज बहुधा ज्यूइश एजन्सी या यहुद्यांच्या स्थलांतराचं काम पाहणाऱ्या संस्थेमार्फत होतो. जन्मदाखला, आईवडिलांचा ‘केतुबा’ म्हणजे विवाहपत्र असल्यास ते, पोलिसांचा दाखला आणि मान्यताप्राप्त रब्बीचं पत्र लागतं. धर्म बदललात का, असा प्रश्न असतो. मशीही यहुद्याचं घोडं अडतं ते याच दोन ठिकाणी. रब्बी पत्र देत नाही आणि प्रश्नाला ‘नाही’ लिहावं तर पुढे खोटी माहिती देऊन नागरिकत्व मिळवल्याचा ठपका येऊन ते रद्द होऊ शकतं. १९८९ च्या बेरेस्फर्ड प्रकरणात अर्जदार हेच सांगत होते की आम्ही यहुदीच आहोत, धर्म बदललेला नाही. न्यायमूर्ती मेनाखेम एलोन यांनी हलाखाच्या अंगाने, तर न्यायमूर्ती अहारोन बराक यांनी ऐहिक अंगाने विचार केला आणि दोघेही एकाच ठिकाणी पोचले: येशूला मशीहा मानणारा दुसऱ्या धर्माचा. यहुदी म्हणून प्रवेश नाही.

मग एप्रिल २००८ आला. १२ मशीही अर्जदारांचं प्रकरण होतं. त्यांची यहुदी नाती वडिलांकडून होती, आईकडून नव्हे. हलाखानुसार ते कधी यहुदी नव्हतेच. जो यहुदी नव्हता, त्याने यहुदी धर्म सोडला असं कसं म्हणणार? वगळणारं वाक्य त्यांना लागूच होईना. यहुद्याची मुलं-नातवंडं म्हणून ते ४अ खाली आत आले. म्हणजे येशूवर तीच श्रद्धा, तीच प्रार्थना, तोच समूह. वडील यहुदी तर दार उघडं, आई यहुदी तर बंद. जितका अस्सल यहुदी, तितका बाहेर. हे कोणी मुद्दाम योजलेलं नाही. धर्माचा नियम आणि लोकांची भावना एकाच वाक्यात शिवली की शिवण अशी उसवते. आपल्याला हसायला फारशी जागा नाही म्हणा. भारताचा अनुसूचित जातींचा आदेशही त्याच १९५० सालचा आहे. जात जन्माने मोजायची आणि धर्म बदलला की काढून घ्यायची, ही शिवण त्यातही आहे. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आत घेतले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले.

आता पुन्हा १९६२. रुफायझेनचा खटला चालू होता, त्याच वर्षी फेब्रुवारीत इस्राएलच्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं ते बेने इस्राएलांबद्दल. त्यांच्यापैकी कोणाचं इतर यहुद्याशी लग्न लावायचं असेल, तर त्याच्या आईकडच्या पिढ्या जमेल तितक्या मागे तपासाव्यात, परक्यांशी लग्न झालं होतं का पाहावं. मूळ शंका अशी की कोकणात पूर्वी रीतसर ‘गेट’ न देता काडीमोड झाले असतील, तर त्यानंतरच्या लग्नाची संतती धर्माने दूषित ठरते. श्रद्धेबद्दल कोणालाच शंका नव्हती. शेमा म्हणणाऱ्या, शनिवार पाळणाऱ्या माणसांना विचारलं जात होतं, तुमची पणजी कोण. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये उपोषणं, धरणी धरली. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत. फर्मानातून त्यांचं नाव काढलं गेलं, तपासणीचा नियम ‘ज्यांच्याबद्दल शंका आहे असे’ या मोघम शब्दांत राहिला.

एकाची आई निर्विवाद आणि श्रद्धा वादग्रस्त, दुसऱ्यांची श्रद्धा निर्विवाद आणि आजी वादग्रस्त. दोघांचे कागद त्याच देशात, त्याच वर्षी, टेबलावर होते.

बेने इस्राएलांना येशूचा परिचय नव्हता असंही नाही. त्यांच्याइतका निवांत परिचय फार थोड्या यहुद्यांच्या वाट्याला आला असेल. १८१३ पासून मुंबईत अमेरिकन मिशनरी होते. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आले, त्यांनी १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण मराठीतून लिहिलं. मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुलं-मुली शिकली. त्याआधी कोचीनच्या मायकेल सार्जन या ख्रिस्ती झालेल्या यहुद्याने त्यांच्यासाठी शाळा काढल्या होत्या. जुना करार मराठीत हातात आला तो या लोकांमुळे. मिशनऱ्यांचा हिशेब असा की वचनं वाचली की मशीहा कोण ते आपोआप कळेल. झालं उलटं. वचनं वाचून आपण कोण ते कळलं. सण, उपास, नेम यांची नावं आणि कारणं सापडली, जी आजवर आंबट रसाचं मडकं झाकून ठेवायचा सण अशा घरगुती नावांनी चालत आली होती. ख्रिस्ती झाले ते अगदी थोडे. हायिम सॅम्युएल केहिमकरांनी जमातीचा इतिहास लिहिला त्यात मिशनऱ्यांबद्दल कडवटपणा नाही, उपकारच मानले आहेत. युरोपातल्या यहुद्याला हे वाचून नवल वाटेल. पण कोकणात बाप्तिस्म्याची तलवार त्यांच्या मानेवर कोणी ठेवली नव्हती. येशूला त्यांनी नकार दिला तो भीतीतून नव्हे, रागातूनही नव्हे. शाळा आवडली, फी परवडली, देव मात्र आपला एकच पुरे, इतक्या सहज दिला.

रुफायझेनला पुढे सामान्य अर्जाने नागरिकत्व मिळालं. तो हैफातच राहिला, हिब्रूतून प्रार्थना करणारा छोटा कॅथलिक समूह त्याने उभा केला आणि १९९८ मध्ये तिथेच वारला. त्याच वर्षी पोपने एडिथ स्टाइनला संतपद दिलं.

खालच्या गुहेत मलिदा करतात तो असा. पोहे धुऊन भिजवायचे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा घालून कालवायचे, वर पाच प्रकारची फळं मांडायची. एलियाहूचं गाणं हिब्रूत म्हणायचं: दावीदाच्या पुत्राला, मशीहाला, घेऊन लवकर आमच्याकडे ये. मग वाटायचं. कोण यहुदी, कोण नाही, हे विचारून कोणी मलिदा वाटत नाही. हात पुढे आला की मूठ घालतात.